पंपघरामागचं पिंप

(समुद्रापासून सहा तासांवरची एक प्रयोगशाळा. खिडकीजवळचं टेबल. धाकटी इथं काम करते. तिच्या थोरल्या भावाची बायको आत्ताच येऊन पोचली आहे.)

वहिनी : आणि झाकण घट्ट लावू नकोस बाई, जीव गुदमरेल त्यांचा. सहा तास ती बाटली अर्धवट उघडी ठेवून मांडीवर घेऊन बसलेय. शेजारची बाई विचारत होती, औषध आहे का म्हणून. म्हटलं, हो, नणंदेला पाजायचंय.

धाकटी : आधी बस तरी. पाणी पी. तू इकडं आलीस हे दादाला माहितीये?

वहिनी : दात दाखवायला चाललेय म्हणून सांगितलंय. खोटं काही नाही, तुझ्यापुढं दात काढतेच आहे ना.

धाकटी : वहिनी, काय झालंय ते सांग.

वहिनी : कालवाच्या पिल्लांची तिसरी खेपही गेली. नवव्या दिवशी. संध्याकाळी टाकीत नुसती वळवळ होती, सकाळी बघते तर सगळी पिल्लं तळाशी, पीठ सांडल्यासारखी. तुझ्या दादानं स्वतः तळाचं बूच काढलं आणि टाकी घासत बसला. जेवायला हाक मारली तर म्हणाला, एवढं घासून होऊ दे. दुपार कलली तरी घासतच होता.

धाकटी : मी पाठवलेलं शैवाल वेळेवर पोचलं होतं ना?

वहिनी : पोचलं की. पिशव्या काचेसारख्या लख्ख, वर तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. पण दुपारी शेडमधलं पाणी तेहेतीस अंशांवर जातं आता. चौथ्या दिवशी तुझं नाजूक शैवाल पांढरं पडतं आणि खाली बसतं. मग पिल्लं काय खाणार? कालवाचं पिल्लू झालं म्हणून काही कालवून भरवता येत नाही.

धाकटी : पाणी गार ठेवा म्हणून मी दोनदा कळवलं होतं.

वहिनी : कळवलंस ना. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? रागावू नकोस. तीन दिवस झोप नाही मला, तोंडाला येईल ते बोलतेय. दादानं शेड बर्फवाल्याला द्यायचं कबूल केलंय.

धाकटी : काय? कधी?

वहिनी : तीन महिन्यांनी. म्हणाला, बाबांनी उभं केलेलं माझ्या हातून बुडतंय, तर निदान माझ्या हातानं बंद करू दे. त्याला धंद्याचा कंटाळा नाही गं आलेला. मेलेली पिल्लं ओतून द्यायचा आलाय.

धाकटी : मग ही बाटली कसली?

वहिनी : तेच सांगायला आलेय. तिसरी खेप गेली, पण एका बादलीतली पिल्लं गेली नाहीत. टाकीत गर्दी झाली म्हणून मूठभर पिल्लं मी बादलीत काढली होती. तुझी पिशवी संपलेली, मग त्यांना मी हे पाणी घातलं. ती आज चौदाव्या दिवशीही हिंडतायत. घरी भिंगातून बघितलं, पोट बदामी दिसतं एकेकाचं.

धाकटी : पाणी कुठलं आहे हे?

वहिनी : पंपघरामागच्या पिंपातलं.

धाकटी : पंपघरामागं पिंप नाहीये.

वहिनी : आहे. अकरा वर्षं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालंय आपलं. मी घरात राहते आणि मलाही आत्ता कळलं. मामंजी रोज सकाळी मागं जातात ते फिरायला जातात असं मी समजत होते.

धाकटी : अकरा वर्षं.

वहिनी : मोज हवं तर. तू शिकून आलीस तो उन्हाळा.

धाकटी : मोजायला नको. तेव्हा बाबांची मोठी टाकी होती. समुद्राचं पाणी फडक्यातून गाळायचे, मूठभर खत टाकायचे, आणि आठ दिवसांत ते फिक्या चहासारखं व्हायचं. तेच पिल्लांना. मी त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली घातला. नुसता बाजार भरला होता आत. म्हटलं, या घाणीवर पिल्लं वाढवता तुम्ही?

वहिनी : कामाची माणसं उभी होती.

धाकटी : तिघं. मी टाकी रिकामी करवली, ब्लीचिंग पावडरनं धुवून घेतली.

वहिनी : आणि तू नळ सोडायच्या आधी ते एक बादली भरून घेऊन गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं. मला वाटलं, झाडांना घालायला नेतायत.

धाकटी : दे ती बाटली इकडं. पण वहिनी, पिंपातलं पाणी चालतंय तर सरळ तेच का नाही वापरत?

वहिनी : वापरून बघितलं की. पिंप एक, टाक्या सहा. पिंपातलं तांब्याभर घेऊन मी मोठ्या पिशवीत वाढवायला घातलं. चौथ्या दिवशी पाणी निवळशंख. आतले बारीक किडे सगळं चरून गेले. आपलं शैवाल गेलं आणि किडे मात्र गुटगुटीत. म्हणून म्हटलं, यातलं आपल्या कामाचं तेवढं कुणी वेगळं काढू शकेल तर ती तूच. तांदळातले खडे तूही निवडतेस, मीही. पण इतके बारीक मला नाही निवडता येणार.

धाकटी : किती दिवस लागतील ते विचारू नकोस. महिना जाईल. जास्तही जाईल.

वहिनी : तीन आहेत आपल्याकडं. मी निघते. दातांना इतका वेळ लागत नाही.

*

वहिनी : हॅलो, ऐकू येतंय ना? पंधरा दिवस झाले, तुझा फोन नाही. म्हटलं आपणच करावा.

धाकटी : सांगण्यासारखं काही नव्हतं.

वहिनी : मग न सांगण्यासारखं सांग.

धाकटी : सापडलं ते. बाबांचं शैवाल. गोल, सोनेरी तपकिरी, गिरक्या घेत पोहणारं. इतकं बारीक की त्याच्यासारखी दोनशे एका ओळीत लावली तर मिलिमीटर होईल.

वहिनी : मग अडलं कुठं?

धाकटी : वेगळं करण्यात. काचेची नळी ज्योतीवर धरायची, मऊ झाली की झटक्यात ओढायची, म्हणजे केसापेक्षा बारीक टोक निघतं. मग मायक्रोस्कोपखाली एकच पेशी गाठून नळीत ओढायची आणि स्वच्छ पाण्याच्या थेंबात सोडायची. त्या थेंबातून उचलून पुढच्या. असे सहा थेंब. अंगाबरोबर काही चिकटून आलं असेल तर ते मागं राहतं.

वहिनी : म्हणजे बाळाला सहा पाण्यांनी अंघोळ.

धाकटी : तसंच. अंघोळ झाली की ताटलीच्या एका खळग्यात तिला एकटीला ठेवायचं. तिथं ती वाढली, एकीच्या दोन झाल्या, दोनच्या चार, तर सगळं बियाणं एकाच आईचं. त्यात दुसरं कुणी नाही. अठ्ठेचाळीस खळगे भरले मी. तीन दिवस मान वर केली नाही.

वहिनी : आणि?

धाकटी : एकही जगली नाही. मग दुसरी ताटली भरली. आज सकाळी बघितली. तीही तशीच. पाणी नुसतं पाणी आहे.

वहिनी : अगं, मग थोडं वेगळं काही करून बघ.

धाकटी : काय वेगळं? सगळं पुस्तकाप्रमाणं केलंय. पोषणद्रव मापून, दिवे मापून, तापमान मापून. माझ्या गुरू म्हणाल्या, रानातनं आलेली पेशी प्रयोगशाळेत रुळेलच असं नाही, सोडून दे. हात टेकलेत मी, वहिनी.

वहिनी : ज्यानं अकरा वर्षं ते पिंप जगवलंय, त्याला विचारलंस?

धाकटी : बाबांना?

वहिनी : नाहीच विचारलंस. मी ओळखते ना तुम्हा दोघांना. दर रविवारी फोन करता. कशी आहेस, बरी आहे, तुम्ही कसे, बरा आहे. आणि खाली ठेवता. एखादा चुकून तिसरं वाक्य बोलला तर दुसऱ्याला ताप येईल.

धाकटी : काय तोंडानं विचारू?

वहिनी : ज्यानं जेवतेस त्याच. ते ओट्यावर बसलेत. मी फोन देतेय त्यांच्या हातात. नाही म्हणू नकोस, दिला.

बाबा : हं.

धाकटी : बाबा, मी बोलतेय.

बाबा : कळलं. कशी आहेस?

धाकटी : बरी आहे. तुम्ही?

बाबा : बरा आहे.

धाकटी : एरवी इथं आपला फोन संपतो. आज ठेवू नका.

बाबा : नाही ठेवत.

धाकटी : तुमच्या पिंपातलं शैवाल माझ्याकडं मरतंय. एकेक वेगळं करून ठेवलं की मरतंय. तुम्ही नवीन पिंप लावता तेव्हा काय करता?

बाबा : पाणी कुठलं घेतेस तू?

धाकटी : समुद्राचंच. बारीक गाळून, उकळून.

बाबा : नवं कोरं?

धाकटी : हो.

बाबा : मी नव्या पाण्यात एकदम नाही सोडत. जुन्या पिंपातलं पाणी फडक्याच्या चार घड्यांतून गाळतो. निम्मं ते, निम्मं नवं. ओळखीचं पाणी लागतं त्याला.

धाकटी : आणि खत?

बाबा : निम्म्याहून कमी. उपाशी माणसाला पहिल्या दिवशी पोटभर वाढलं तर बाधतं. चढवत न्यायचं.

धाकटी : मी पूर्ण मात्रा दिली. आणि ऊन?

बाबा : पहिले आठ दिवस सकाळचंच. तेही वर गोणपाट टाकून. तुझ्याकडं दिवे आहेत ना? किती वेळ ठेवतेस?

धाकटी : सोळा तास. पांढरेशुभ्र, डोक्यावरच.

बाबा : आणि एका खळग्यात एकच?

धाकटी : एकच.

बाबा : घाबरलं असेल.

धाकटी : बाबा, त्याला घाबरायला काही नसतं हो. एक पेशी ती.

बाबा : बरं. पण गोणपाट टाकून बघ.

धाकटी : बघते. ... बाबा, ते टाकीचं.

बाबा : कुठली टाकी?

धाकटी : तुम्हाला माहितीये कुठली. मी माणसांदेखत बोलले. घाण म्हणाले.

बाबा : तू जे दाखवलंस ते खरंच होतं. किडे होतेच. नंतर सात वर्षं तुझ्या शैवालावर पिल्लं दुप्पट निघाली. तेव्हा ऊन एवढं नव्हतं.

धाकटी : मग पिंप का ठेवलंत?

बाबा : घरात एकच बी ठेवू नये माणसानं. तुझं चांगलं होतं म्हणून माझं फेकायला पाहिजे असं थोडंच आहे?

धाकटी : आणि सांगितलं का नाही मला कधी?

बाबा : तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. दोघांचं सारखंच झालं.

धाकटी : हो.

बाबा : पाणी लागेल तुला. गाळून ठेवतो. सूनबाईला सांगतो, परत दात दुखायला लागले पाहिजेत.

धाकटी : तुम्हाला माहीत होतं?

बाबा : बाटली मीच भरून दिली.

*

धाकटी : वहिनी, उचल ना लवकर. किती वेळ वाजतोय फोन.

वहिनी : हात ओले आहेत बाई. बोल.

धाकटी : तीन खळगे रंगले. दहा दिवस झाले, पण खात्री होईपर्यंत कळवलं नाही.

वहिनी : काय म्हणतेस.

धाकटी : अठ्ठेचाळीसपैकी तीन. अठरा दिवस काही नाही. बाबांचं पाणी निम्मं घातलं, खत निम्म्याहून कमी, आणि दिव्याखाली पातळ कागदाचे तीन थर. इथं गोणपाट कुठून आणू? सगळे विचारत होते, ताटलीला बुरखा का. विसाव्या दिवशी खिडकीशी धरून बघितलं तर तीन ठिकाणी रंग. अगदी फिका. चहात पाणी घालून घालून उरेल तेवढाच.

वहिनी : तिन्ही आपलीच ना?

धाकटी : नाही ना. एकात एक सरपटणारा चोर निघाला, तो चरत होता. दुसऱ्यात भलतंच हिरवं काहीतरी वाढलंय. तिसऱ्यात फक्त तेच. सोनेरी. चार वेळा बघितलं, माझ्या गुरूंनाही दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तो कागद कुणाची कल्पना? म्हटलं, वडिलांची. त्यांनी विचारलं, वडील कुठल्या विद्यापीठात असतात?

वहिनी : सांगायचंस की, पंपघरामागं.

धाकटी : तेच सांगितलं. आता ते परीक्षानळीत घातलंय, तिथनं फ्लास्कमध्ये, मग मोठ्या बाटलीत. आणि ऐक. एक नळी मी तेहेतीस अंशांवर ठेवली, शेजारी आपलं जुनं शुद्ध शैवाल. चौथ्या दिवशी जुनं पांढरं. बाबांचं दाट झालंय.

वहिनी : ... थांब जरा. डोळ्यांत काहीतरी गेलं.

धाकटी : दादाला सांग.

वहिनी : कालच बोलले मी त्याच्याशी. म्हटलं, बर्फवाल्याला शेड द्यायचीच तर दे, मी आडवी येत नाही. पण मधल्या काळात टाक्या रिकाम्याच आहेत, एक खेप मला दे. माझी म्हणून. मेली तर मी ओतीन, तू लांब उभा राहा. मग म्हणाला, दात बरे झाले वाटतं तुझे.

धाकटी : म्हणजे त्यालाही माहीत होतं?

वहिनी : या घरात मीच एकटी गुपित ठेवत होते, बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. पिल्लं मोठी झाली की ज्यांना चिकटून बसतात ते शिंपले धुवायला बसलाय आत्ता. मी सांगितलं नव्हतं.

*

धाकटी : दादा कुठाय? बाहेर कुणीच दिसलं नाही.

वहिनी : आत, टाकीपाशी. सकाळपासून तिसऱ्यांदा मोजतोय. तू ये आधी, ते ओझं खाली ठेव. एवढा जड मायक्रोस्कोप घेऊन आलीस? आपलं भिंग आहे की.

धाकटी : भिंगातून पिल्लं दिसतात, त्यांचं खाणं नाही दिसत. चिकटली का?

वहिनी : काल अठरावा दिवस. संध्याकाळी एक शिंपला बाहेर काढला तर वर वाळू चिकटल्यासारखी. बोटानं पुसायला गेले, निघेना. तेव्हा कळलं वाळू नाही ते. शिंपला तसाच तुझ्या दादाच्या हातात दिला. तो उजेडाकडं धरून बघत राहिला आणि म्हणाला, बाबांना हाक मार.

धाकटी : किती चिकटली?

वहिनी : शंभरातली तीस.

धाकटी : तीसच?

वहिनी : तीसच म्हणते. तीन खेपांत मिळून एक नव्हतं. दुसऱ्या टाकीतली अर्धी गेलीत, तीही सांगते, लपवत नाही. पाणी बदलायला उशीर केला मी. पण उरलेली धडधाकट आहेत.

धाकटी : आणि बर्फवाला?

वहिनी : तुझा दादा सकाळी जाऊन सांगून आला. यंदा शेड मिळणार नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. तो बिचारा म्हणाला, तुमचा चेहरा इतका खुललाय हो आज, की नकार ऐकूनही राग येईना. ते बघ, मामंजी आले. मी आत जाते, चौथी मोजणी थांबवायला पाहिजे.

बाबा : आलीस.

धाकटी : आले. बसा ना इथं, स्टुलावर. तुम्हाला एक दाखवायचंय.

बाबा : काय आहे?

धाकटी : तुमच्या पिंपातलं. एक थेंब आत्ता काढला. तुम्ही कधी बघितलं नसेल ना?

बाबा : कुठनं बघणार? रंग बघायचो. वास घ्यायचो. पिल्लांची पोटं बघायचो. तीस वर्षं झाली.

धाकटी : वाका थोडे. एक डोळा इथं लावा, दुसरा मिटला नाही तरी चालेल.

बाबा : काळंच आहे सगळं.

धाकटी : पापणी आडवी येतेय. जरा मागं व्हा. आता मी हळूहळू फिरवते, स्पष्ट झालं की सांगा.

बाबा : धूर आहे ... थांब. थांब तिथंच.

धाकटी : दिसलं?

बाबा : हलतंय की.

धाकटी : दोन शेपट्या आहेत त्याला. त्यांनी पोहतं.

बाबा : हे इतकंच असतं?

धाकटी : इतकंच.

बाबा : मग उगीचच. मी रोज त्याच्याशी मोठ्यानं बोलत होतो.